झेनिटला पट्टा बसवताना

झेनिट-ई हा सोव्हिएत फिल्म कॅमेरा १९६५ पासून बनू लागला. त्याच्या अंगावर पट्टा अडकवायला कडीच नाही. पट्टा असायचा तो कातडी कव्हरला. माझ्या कॅमेऱ्याचं कव्हर वाळून शिवणीत उसवलं होतं, आणि लेन्ससकट किलोभराच्या आसपास भरणारी वस्तू नुसती हातात धरून हिंडणं जिवावर यायचं.

कॅमेऱ्याला भोक पाडायचं नाही, हे पहिल्यापासून पक्कं होतं. उरलं तळातलं ट्रायपॉडचं भोक. त्यात कडीचा स्क्रू फिरवला की काम भागतं, बरेच जण तसंच करतात. पण मग कॅमेरा उलटा लोंबतो. मला तो छातीवर सरळ हवा होता. त्यासाठी पट्ट्याच्या कड्या वजनाच्या मध्यापेक्षा वर याव्या लागतात. म्हणून पुठ्ठ्याचा नमुना केला: तळाखालून जाणारी आणि दोन्ही बाजूंनी वर चढणारी पट्टी. लेन्स पुढे जड असल्याने टोकं थोडी पुढच्या अंगाला घेतली, तेव्हा तो नीट बसला.

मग कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर, म्हणजे कारखान्यांची वस्ती. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथे अशा कामाला कुणी हसत नाही. मिस्त्रींनी तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी वाकवली, कडा घासून गोल केल्या. बोल्टपाशी अडलं.

"सर, सहा एमएम टाकू काय? त्येच असतंय की."

"नको मिस्त्री, पाव इंचीच पाहिजे."

हे नीट समजून घ्या. माझ्या कॅमेऱ्याचं भोक पाव इंची आहे, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, इंचाला २० आटे. सहा एमएमचा बोल्ट आत जातो, पण ढिला बसतो आणि आटे खातो. जुन्या झेनिटना ३/८ इंची भोकही असतं, तेव्हा आधी मोजा. बोल्टची लांबीही भोकाच्या खोलीपेक्षा कमीच ठेवा, नाहीतर तो आतून तळ दाबतो. आम्ही तो कानसीने घासत घासत बेताचा केला.

कातड्याचं काम चप्पल लाईनमधल्या मामांनी केलं, आणि त्यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात; ते चिवट असतं आणि वापरानं मऊ होत जातं. मामांनी रापीने पट्टा कापला, आरीने भोकं पाडली आणि चपलेसारखाच वादीने शिवला. खिळा एकही नाही. धातू कॅमेऱ्याला घासू नये म्हणून पट्टीच्या आतल्या अंगाला पातळ कातडं चिकटवलं.

कॅमेरा लावण्याआधी पाच लिटर पाण्याचा कॅन त्याच कड्यांना रात्रभर टांगून ठेवला. वादी तसूभरही सरकली नाही.

मागचं दार उघडायला पट्टी आड येते, म्हणून रीळ बदलताना ती काढावी लागते. त्यासाठी बोल्टच्या डोक्याला नाण्याची खाच पाडून घेतली आहे. चालताना हिसके बसून बोल्ट सैल होऊ शकतो, तेव्हा खाली कातडी वॉशर घाला आणि दर रिळाला नाण्याने आवळून घ्या.