उजव्या बाहीवरच्या रेघेचा उलगडा

माझ्याकडच्या, पहिल्या महायुद्धातल्या एका नर्सच्या आल्बममध्ये एक जखमी ‘टॉमी’ (साधा ब्रिटिश सैनिक) आहे. काडेपेटीएवढं पेन्सिलचित्र, डोक्यावरून उजव्या डोळ्यावर उतरलेलं बँडेज आणि उजव्या बाहीवर, मनगटाच्या वर, एक उभी रेघ. त्या रेघेने माझं डोकं खाल्लं होतं. काल ती सुटली!

अडचण अशी होती. जखमी झाल्याची खूण असलेली उभी सोनेरी पट्टी ब्रिटिश सैन्यात जुलै १९१६ मध्ये आली आणि ती डाव्या बाहीवर लावायची. उजव्या बाहीवर असतात ते परदेशी सेवेचे शेवरॉन, म्हणजे व्ही आकाराच्या कोनदार पट्ट्या, १९१८ पासूनचे. मग ही पट्टी की पुसट झालेला शेवरॉन? उत्तरानुसार चित्राचा काळ दीड वर्षाने सरकतो.

भिंगाखाली रेघ सरळच दिसते, कोन कुठेच नाही. (ऑनलाइन मिळणारी एलईडीवाली भिंगं घेऊ नका. त्यांच्या निळसर उजेडात ग्रॅफाइटचा करडेपणा मरतो. घड्याळजीचं साधं दहापट भिंग आणि बाजूने तिरपा टाकलेला पिवळा दिवा, बास.) त्याच तिरप्या उजेडात कोटाच्या कडेचा पेन्सिलने दाबलेला चर दिसला आणि मी खुर्चीतून उठलेच. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, इथे उजवी डावीवर आलीये. स्कॅन आडवा उलटवला, तर बटणं जागेवर, पट्टीही डाव्या बाहीवर. गडी आरशात बघून स्वतःलाच काढत होता!

उलट छापलेल्या फोटोवरून नक्कल केली असेल, ही शंका मलाही आली. पण आपल्या उजव्या हाताला दिसणारी बाही कोपराखाली नुसती दोन रेघांत सोडून दिलीये. आरशात चित्र काढणाऱ्याचा पेन्सिल धरलेला हात तिथेच येतो. छायेच्या रेघाही वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरतात, उजव्या हाताच्या माणसासारख्या. माझ्यापुरता निकाल लागला: स्वचित्र, जुलै १९१६ नंतरचं.

पुढचा बेत त्या काळच्या ब्रिटिश सैनिकांची सर्व्हिस रेकॉर्ड धुंडाळून चित्रकाराचं नाव शोधण्याचा होता. १९४० च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांतली बहुतेक जळाली आणि हातात त्याच्या नावाची आद्याक्षरं फक्त दोन, तरी जखमेवरून नावं गाळता येतील असं वाटत होतं. आता लिहितानाच लक्षात येतंय की मी जखमी डोळा उजवा धरून टिपणं काढली होती. खरा डोळा डावा! ती यादी बाजूला.

त्यापेक्षा आधी आल्बमच तपासते. दोन पानं पुढे कोणीतरी ‘ओल्ड बिल’ची (ब्रूस बेर्न्सफादरच्या व्यंगचित्रांतल्या मिशाळ सैनिकाची) नक्कल केलीये, त्यातल्या छायेच्या रेघा अशाच वाटतात. तिथे पूर्ण सही आहे, पण कॉपिंग पेन्सिलची (हिच्या शिशात रंग मिसळलेला असतो, तो ओल लागली की जांभळा होतो), आणि ओल लागून जांभळी पसरलेली. विक्रेत्याने पानं पीव्हीसीच्या पिशवीत कोंबून पाठवली होती, बघूनच जीव जळला. आता पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवलीयेत. सहीचा स्कॅन रंगांचे थर वेगळे करून बघणार आहे. तुमच्याकडे अशी चित्रं असतील तर कोटाची बटणं आधी बघा आणि कळवा.