गच्चीवरचे दोन टब: अदलाबदलीनंतरची नोंद

डावा टब नितळ, उजवा शेवाळाने हिरवागार. दिवाळीपर्यंत हे असं होतं, आता नेमकं उलटं आहे. मध्ये बदल एकच केला, तो पुढे सांगतो.

नव्या मंडळींसाठी मांडणी थोडक्यात. दोनशे लिटरचा निळा प्लास्टिकचा पिंप उभा चिरून दोन टब केले. नाशिकमधल्या अंबडच्या भंगारवाल्याकडून घेताना फळांच्या गराचाच पिंप मागून घेतला. रसायनाचा पिंप कितीही धुतला तरी त्यावर भरवसा नको. तळाला आटलेल्या गावतळ्याच्या काठचा वाळका गाळ, त्यावर पावसाचं पाणी, वर शेडनेट. दर रविवारी दोन्हींत १९:१९:१९ या खताची सारखीच चिमूट टाकतो (आकडे अनुक्रमे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पालाशचे). द्राक्षवाल्यांचा जिल्हा, त्यामुळे विद्राव्य खत कोपऱ्यावरच्या कृषी केंद्रात मिळतं.

गाळ वाळकाच हवा, याला कारण आहे. मोइना, म्हणजे पाण्यातला इवलासा जीव, डाफ्नियाची (पाणपिसवेची) धाकटी बहीण, तळं आटायला लागलं की जाड कवचाची अंडी घालते. ती गाळात कोरडी पडून राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणजे बाहेरून काही न आणता टबात शेवाळ खाणारं जनावर तयार. दिवस चांगले असले की या माद्या नराशिवायच पिल्लं काढतात, त्यामुळे संख्या भराभर चढते. पिल्लांची पिशवी पाठीवर असते, साध्या भिंगातूनही दिसते. वाळक्या गाळात मासे किंवा चतुराच्या अळ्या जिवंत येत नाहीत, हा दुसरा फायदा.

सप्टेंबरअखेर उजव्या टबात गप्पी मासे सोडले. बाकी सगळं सारखं. पाण्याचा नितळपणा मोजायला डब्याचं पांढरं झाकण काठीला ठोकलंय. ते दिसेनासं होईपर्यंत बुडवायचं आणि खोली लिहून ठेवायची. इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये समुद्रात पांढरी तबकडी सोडून हेच केलं होतं. ऑक्टोबर हीटमध्ये उजवीकडचं झाकण चार बोटांवर गडप व्हायचं. डावीकडे मात्र तळ गाठेपर्यंत दिसायचं.

माझी भाची बारावीला आहे, परिसंस्था आणि ऊर्जाप्रवाह हा धडा तिला नुकताच झालाय. तिचा प्रश्न रास्त होता: "मामा, पुस्तकात बाण शेवाळाकडून मोइनाकडे आणि मोइनाकडून माशाकडे जातात. मग माशामुळे शेवाळ कसं वाढलं?" अन्नसाखळीतला बाण अन्न कुठून कुठे गेलं एवढंच सांगतो, कोण कुणाला आवरून धरतं ते सांगत नाही. गप्पींनी मोइना खाल्ली, शेवाळाला खाणारं कुणी उरलं नाही, पाणी हिरवं झालं. हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबॉडकिन या तिघांनी १९६० मध्ये जमिनीवरच्या हिरवाईबद्दल हाच तर्क मांडला: शाकाहारी प्राण्यांना त्यांचे भक्षक आटोक्यात ठेवतात, म्हणून झाडोरा टिकतो. त्यांच्या साखळीत भक्षक तिसऱ्या पायरीवर आहे, माझ्या गप्पींचीही तीच जागा.

पण मला जास्त गुंतवलं ते नितळ टबाने. पातळ कापडातून तांब्याभर पाणी गाळलं तर कापडावर मोइनाचा थर बसतो आणि शेवाळ जेमतेम. भाचीच्या वहीतला पिरॅमिड, म्हणजे अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर किती जीव आहेत त्याचं चित्र, खाली रुंद, वर निमुळता. इथे तर खाणारे जास्त आणि खाद्य कमी. मग ही जगतात कशावर? दुकानाच्या गल्ल्यात संध्याकाळी किती पैसे उरले यावरून दिवसाची उलाढाल कळत नाही, तसं आहे हे. एकपेशीय शेवाळ अनुकूल पाण्यात दिवसभरात दुप्पट होऊ शकतं. जेवढं वाढतं तेवढं खाल्लं जातं, म्हणून कोणत्याही क्षणी हाताला थोडंच लागतं. जैववस्तुमानाचा पिरॅमिड असा उलटा होऊ शकतो, पाण्यात तर होतोच. ऊर्जेचा मात्र कधीच होत नाही, कारण तिथे साठा मोजत नाहीत, ठरावीक काळात किती ऊर्जा पुढे गेली ते मोजतात. रेमंड लिंडमन यांनी अमेरिकेतल्या सीडर बॉग या छोट्या तळ्यावर काम करून हा हिशेब मांडला. त्यांचा निबंध १९४२ मध्ये छापून आला, पण त्याआधीच, सत्ताविसाव्या वर्षी, ते गेले होते. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर दहाच टक्के ऊर्जा जाते, हा दहा टक्क्यांचा नियम परीक्षेत ठोक लिहा, पण तो सरासरी अंदाज आहे; प्रत्यक्षात आकडा बराच खालीवर होतो.

आता अदलाबदल. दोनच टब असताना उजव्या टबाला ऊन जास्त लागत असेल, गाळच वेगळा असेल, अशी शंका कुणीही काढेल. म्हणून दिवाळीनंतर सगळे गप्पी जाळीने काढून डाव्या टबात टाकले. डावा आठवडाभरातच धुरकट झाला आणि मग हिरवा. उजवा सावकाश निवळला, कारण मोइनाला आधी गाळातून पुन्हा उठायचं होतं आणि थंडीही पडली होती. डाव्या टबाचं पाणी आता भिंगाखाली धरलं की फक्त रोटिफर नावाचे बारीक जीव दिसतात, मोठं काही नाही. ब्रूक्स आणि डॉडसन यांनी १९६५ मध्ये कनेक्टिकटमधल्या क्रिस्टल लेकबद्दल हेच लिहिलं: ब्लूबॅक हेरिंग मासा आल्यावर मोठे प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे चिमुकले प्राणी) गेले, बारीक उरले.

डासांचं बजावून सांगतो. गप्पी नसलेला टब म्हणजे डेंग्यूच्या डासाला आयतं साठलेलं स्वच्छ पाणी. आठवड्यातून एकदा चहाच्या गाळणीने अळ्या काढायच्याच, त्यात सबब नाही. आणि गप्पी फार झाले म्हणून नासर्डीत किंवा गोदावरीत नेऊन सोडू नका. मासा दक्षिण अमेरिकेकडचा आहे, इथल्या तळ्यात तो काय करतो ते वर वाचलंतच.

पुढचा प्रयोग खताचा. कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने २२६ क्रमांकाच्या सरोवराचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस मात्र एकातच. तेवढीच बाजू हिरवी झाली. आपल्याकडे याचं सामान तयारच आहे: दोन्ही टबांत १३:००:४५, आणि एकात वरून ००:५२:३४. मासे कुठेच नाहीत. मोइनाही नको, म्हणून गाळाऐवजी धुतलेली वाळू, आणि शेवाळाचं बी म्हणून दोन्हींत हिरव्या टबातलं दाट कापडातून गाळलेलं वाटीभर पाणी. एप्रिलच्या उन्हात एवढंसं पाणी उकळायला निघतं, तेव्हा सुरुवात पहिल्या पावसानंतर. सिन्नर, देवळाली, ओझरकडे कुणाकडे असे जोडटब असतील तर त्याच आठवड्यात सुरू करा. झाकणाची खोली दर रविवारी सकाळी अकराला घ्यायची, सेंटिमीटरमध्ये.