कार्लाइलचं मैदान आणि 1912 चा संघ

पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गपासून अर्ध्या तासावर कार्लाइल लागतं. इथल्या लष्करी छावणीत आज आर्मी वॉर कॉलेज आहे, त्यामुळे गेटवर ओळखपत्र दाखवून पास घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. मला पाहायचं होतं ते इंडियन फील्ड, इथल्या जुन्या शाळेचं खेळाचं मैदान. अमेरिकेचा दिग्गज मूलनिवासी खेळाडू जिम थॉर्प इथेच घडला.

मैदान तसं साधंच. पण 1879 ते 1918 या छावणीत अमेरिकेतल्या मूलनिवासी (तेव्हाच्या भाषेत ‘इंडियन’) मुलांची सरकारी निवासी शाळा होती. घरापासून शेकडो मैल लांब आणून मुलांचे केस कापायचे, नावं बदलायची, मायबोली तोंडातून निघाली की शिक्षा. आणि याच शाळेची पोरं मोठमोठ्या कॉलेजांना अमेरिकन फुटबॉलमध्ये लोळवत होती! बहुतेक सामने परगावी, कारण तिकिटांचा पैसा तिकडे. त्या पैशाच्या हिशेबावरून पुढे 1914 मध्ये संसदीय चौकशी झाली. प्रशिक्षक पॉप वॉर्नर डोकेबाज खराच, पण त्याचे गोडवे गाताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

1912 चा मोसम मला सगळ्यात आवडतो. थॉर्प नुकताच स्टॉकहोम ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं घेऊन परतला होता. 12 विजय, 1 बरोबरी, 1 हार. त्यातला 9 नोव्हेंबरचा, वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीविरुद्धचा सामना म्हणजे कळस. समोर सैन्याचे कॅडेट, त्यात भावी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर. वूंडेड नीला याच सैन्याने मूलनिवासींचं हत्याकांड केलं, त्याला तेव्हा 22 वर्षंही झाली नव्हती. वॉर्नरच्या नव्या व्यूहरचनेपुढे कॅडेटांना चेंडू नेमका कुणाकडे आहे तेच उमगेना. कार्लाइल 27, आर्मी 6! पुढच्याच शनिवारी हा संघ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून 34-26 हरला. मोसमातली ती एकमेव हार. खेळ असाच असतो.

दोनच महिन्यांनी, पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचं निमित्त काढून थॉर्पची पदकं काढून घेतली, कारण ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद पुन्हा झाली ती थेट 2022 मध्ये. तो जाऊन तोवर 69 वर्षं झाली होती.

क्लेरमाँट रोडलगत शाळेची दफनभूमी आहे. पांढऱ्या दगडांच्या रांगा, दगडावर नाव आणि जमात. काहींवर नुसतंच ‘अज्ञात’. बहुतेक मुलं क्षयासारख्या रोगांनी गेलेली. फुटबॉलपुरतं कार्लाइल बघायला येणाऱ्यांनी इथेही यावं, नाहीतर येऊच नये, असं माझं स्पष्ट मत. 2017 पासून लष्कर इथले अवशेष त्या त्या जमातींच्या ताब्यात देतंय. त्यामुळे जुन्या फोटोत दिसणारे काही दगड आता जागेवर सापडत नाहीत.