तुम्ही विचारलंत म्हणून: लेकराला पायलट करायचंय, कोणता क्लास लावू?

लातूरला अकरावी-बारावीला गणित शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न वर्षभर येतो, कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत. "सर, पोरगं एनडीए म्हणायलंय, पायलट नाहीतर आर्मीत इंजिनिअर, कोणता क्लास लावू?" एनडीए म्हणजे बारावीनंतर तिन्ही सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी अकादमी. पंगतीत बसून नीट सांगता येत नाही म्हणून इथं लिहितोय.

क्लासचं नंतर बघू, आधी सांगा अकरावीला ग्रुप कोणता घेतलाय. आपल्याकडं डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचं वारं एवढं आहे की पोरगं हुशार निघालं की त्याला पीसीबी, म्हणजे गणित सोडून बायोलॉजीचा ग्रुप, देऊन मोकळं व्हायचं, आणि मग बारावीच्या दिवाळीत ते म्हणतं मला विमान उडवायचंय. एनडीएतून एअरफोर्स किंवा नेव्हीत जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स, म्हणजे पीसीएम, तिन्ही लागतात. आर्मीला कोणतीही शाखा चालते हे खरं, पण पेपर सगळ्यांना तोच, मॅथ्सचा 300 मार्कांचा आणि जनरल ॲबिलिटीचा 600 चा, वर निगेटिव्ह मार्किंग. गणितापासून सुटका नाही, म्हणून दहावीच्या सुट्टीतच ठरवा.

इंजिनिअर व्हायचं असेल तर एनडीए हा एकच रस्ता नाही, हे फार जणांना माहीतच नसतं. आर्मीची टेक्निकल एंट्री स्कीम आहे, तिला पीसीएममध्ये किमान 60 टक्के आणि इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा जेईई मेन दिलेली लागते, वेगळी लेखी परीक्षा नाही. नेव्हीची बीटेक कॅडेट एंट्रीसुद्धा जेईई मेनच्या रँकवर, ट्रेनिंग केरळात एझिमलाला. म्हणजे जेईईचा अभ्यास करणाऱ्या पोराचं काहीच वाया जात नाही. पायलटच्या बाबतीत मात्र फी भरायच्या आधी चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन या, रंग नीट ओळखता येतात का तेही तपासा, कारण फ्लाईंगला नजरेची अट कडक आहे, पायांची लांबीसुद्धा मोजतात. आणि पायलटसाठीची जी कॉम्प्युटरवरची टेस्ट असते ती आयुष्यात एकदाच देता येते.

आता खरं दुखणं. लेखीला आपली पोरं कमी पडत नाहीत, घासून अभ्यास करायची सवय लातूरनं लावलेलीच आहे. अडतात ती एसएसबीला, म्हणजे लेखीनंतरच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतीला, आणि एनडीएसाठी तिथंही 900 मार्क आहेत, म्हणजे अख्ख्या लेखीएवढे. पाच दिवस ठेवून घेतात, पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग सगळ्या ग्रुपसमोर सांगायची. मी वर्गात हे करून घेतो, पेपरमधला एखादा फोटो दाखवतो. बहुतेक पोरांची गोष्ट एकच, गावात पूर आला, हिरोनं सगळ्यांना वाचवलं, कलेक्टरनं सत्कार केला. पाठ करून आलेली. एका मुलीनं, गंगाखेडकडची होती, हंडे घेऊन उभ्या बायकांचा फोटो बघून सांगितलं की टँकर रोज वेगळ्या वेळेला येतो म्हणून भांडणं होतात, तर चित्रातल्या पोरीनं ड्रायव्हरला विचारून वेळ ठरवून घेतली, गल्लीनुसार यादी केली आणि शाळेच्या भिंतीवर लावली. इंग्रजी मोडकं होतं तिचं, पण सगळा वर्ग ऐकत होता. हेच हवं असतं हो तिथं, तुम्हाला माणसांचा प्रश्न दिसतो का आणि तुम्ही नेमकं काय करता.

म्हणून मी पालकांना सांगतो, पोराला घरातल्या कामात घ्या, बँकेत पाठवा, सोयाबीनची पट्टी करायला आडतीवर सोबत न्या. मुलाखतीत घरचं, गावचं, जिल्ह्याचं विचारतात, आणि जगातल्या राजधान्या तोंडपाठ असलेल्या आपल्या पोराला 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी का आणावं लागलं हे धड सांगता येत नाही, हे मला फार लागतं. इंग्रजी पेपर रोज मोठ्यानं वाचायचा, घरातल्या कुणाला तरी त्यातली एक बातमी समजावून सांगायची, रोज पळायचं. एवढं दोन वर्षं केलं तर मोठ्या क्लासचं अडत नाही.

आणि फुकटच्या जवळ जाणारा चांगला पर्याय आपल्या दाराशी आहे, संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था, सगळे एसपीआय म्हणतात, अकरावी-बारावीत एनडीएची तयारी करून घेणारी, राज्य सरकारची, 1977 पासून चालू आहे. मुलींचं विचारता ना, एनडीएत मुली 2022 पासून आहेत, पहिल्या बॅचच्या 17 जणी मे 2025 मध्ये पास होऊन बाहेर पडल्या, आणि मुलींसाठी वेगळी एसपीआय नाशिकला सुरू झालीय. दोन्हीकडचे फॉर्म पोरं दहावीत असतानाच निघतात, तेव्हा निकाल लागल्यावर बघू असं म्हणू नका, जानेवारीपासूनच लक्ष ठेवा.