एक ग्रॅम माती

मृदाशास्त्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी प्रत्येकाच्या तळहातावर लिंबाएवढी माती ठेवली, वर पाण्याचे चार थेंब टाकले आणि म्हणाल्या, "मळा. हाताला काय लागतं ते सांगा." अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत दाबत तिची पट्टी काढायची. पट्टी अडीच सेंटीमीटर व्हायच्या आत तुटली तर पोयटा, अडीच ते पाचच्या दरम्यान तुटली तर चिकण पोयटा, पाचच्या पुढे गेली तर चिकणमाती. माझी दोनवरच तुटली. शिवाय बोटांना कचकच लागत होती. मी वहीत 'वाळूमिश्रित पोयटा' लिहून मोकळी झाले.

तीच माती पुढच्या आठवड्यात हायड्रोमीटरला, म्हणजे पाण्यात अजून किती कण तरंगत आहेत ते दाखवणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीला लावली. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली ४० ग्रॅम माती सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर भिजवली की एकमेकांना चिकटलेले कण सुटे होतात. मग ती लिटरभराच्या उंच काचेच्या नळकांड्यात नीट ढवळून तशीच सोडायची. ४० सेकंदांनी पहिलं रीडिंग, दोन तासांनी दुसरं. खाली बसण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे ०.०५ मिलिमीटरचा कण ०.००२ मिलिमीटरच्या कणापेक्षा ६२५ पट वेगाने तळ गाठतो. वाळू पहिल्या मिनिटातच बसलेली, गाळ नंतर हळूहळू, आणि दोन तासांनीही वरचं पाणी गढूळच. ते गढूळपण म्हणजे चिकणमाती. माझ्या 'वाळूमिश्रित पोयट्या'त ती ४३ टक्के निघाली.

"तुला वाळू लागली ती वाळू नव्हती," मॅडम म्हणाल्या. "चिकणमातीचेच न फुटलेले बारीक गोळे होते. तू मिनिटभर मळलीस. ती नरम पडेपर्यंत मळायला हवी होती."

पीक आणि माती हा अभ्यासक्रम घेताना मला वाटलं होतं की अर्धा वेळ शेतात जाईल. तसं होत नाही. पहिल्या दोन वर्षांत रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, थोडी भूगर्भाची माहिती, तणांची ओळख आणि कीटकांच्या पेट्या. यातलं बरंचसं पाठ करून निभावलं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पानं ओळखायला मात्र मजा यायची. मक्याच्या खालच्या पानावर टोकाकडून मधल्या शिरेने आत सरकत जाणारा पिवळा 'व्ही' दिसला की नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा करपल्या की पालाश. पानं जांभळट पडली की आधी स्फुरद बघायचं, पण नुसत्या थंडीनेही पानं तशी होतात, म्हणून एवढ्यावर निदान करून मोकळं व्हायचं नाही.

खरी अडचण सुरू झाली ती नमुना या एका शब्दापाशी. शेतात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची वरपासून १५ सेंटीमीटरपर्यंतची माती सारख्या जाडीने तासायची. बांधाजवळची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची जागा सोडायची. सगळी माती कापडावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. पिशवीत एक चिठ्ठी, पिशवीवर एक, दोन्ही पेन्सिलने लिहिलेल्या. शाईने लिहू नका असं बजावूनही मी एकदा शाईने लिहिलं. ओल्या मातीत सात चिठ्ठ्या निळ्या डागांच्या झाल्या आणि सात पिशव्या निनावी.

एकदा कंटाळून मी हिशोब मांडला. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, खोली १५ सेंटीमीटर, म्हणजे १,५०० घनमीटर. मातीची घनता घनसेंटीमीटरला दीड ग्रॅम धरली तर वजन भरतं साडेबावीस लाख किलो. त्यातून आपण आणतो अर्धा किलो, आणि सेंद्रिय कर्बासाठी फ्लास्कमध्ये टाकतो एक ग्रॅम. तराजू मिलिग्रॅमपर्यंत मोजतो याचा मला अभिमान वाटायचा, तो त्या दिवशी जरा उतरला. पण पुरता नाही, हे पुढे शेवटच्या वर्षी कळलं.

शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रयोग असतो. माझा अगदी साधा होता: मक्याला नत्राच्या सहा मात्रा, त्यातली एक शून्य, आणि चार रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक मात्रा चार वेळा. एकूण २४ प्लॉट. ब्लॉक, म्हणजे प्रत्येक मात्रा एकेकदा येईल असे प्लॉटचे गट, का पाडायचे, ते आम्ही संख्याशास्त्रात शिकलो होतो. इंग्लंडमधल्या रोथमस्टेडला १८४३ पासून गव्हाचा एक प्रयोग सुरू आहे. १९१९ साली रोनाल्ड फिशर तिथे आले ते साठलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला, आणि तिथल्याच कामातून प्लॉटना चिठ्ठ्या टाकून ट्रीटमेंट द्यायची, जमिनीतला फरक ब्लॉकमध्ये बांधून टाकायचा, ही रीत त्यांनी घडवली. परीक्षेत मला या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते. ब्लॉक उताराला आडवे पाडावेत, म्हणजे एका ब्लॉकमधले सगळे प्लॉट एकाच पातळीवर येतात, हे वाक्य मी अधोरेखितसुद्धा केलं होतं.

आखणीच्या दिवशी मी वाफशाची वाट बघून आधीच वैतागले होते. मोठा पाऊस झाला होता, दोन दिवस शेतात पाय टाकता येत नव्हता. जमीन डोळ्यांना सपाट दिसत होती. दोरी ताणायला सोपं पडेल अशा दिशेने मी ब्लॉक आखले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या खुंट्या ठोकून झाल्या. पेरणीपूर्वीचा मातीचा नमुना अख्ख्या शेताचा मिळून एकच घेतला. नियमात बसणारा होता, पेन्सिलने नाव घातलेला होता.

पीक चांगलं आलं. टोकणी, विरळणी, दोन खुरपण्या, कडेच्या ओळी सोडून आतल्या प्लॉटची काढणी, कणसं सोलून दाण्याचा ओलावा मोजून वजनं. मग रात्री आकडे घातले आणि एफचं, म्हणजे मात्रांमधला फरक योगायोगाच्या फरकाच्या किती पट आहे त्याचं, मूल्य आलं २.३१. पाच आणि पंधरा स्वातंत्र्यांशांना (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) ५ टक्के पातळीवर फरक सिद्ध व्हायला लागतं २.९०. शून्य नत्राचा मका आणि भरपूर नत्राचा मका यांच्यात म्हणे सिद्ध होण्याइतका फरक नाही! शून्यवाल्या प्लॉटमधली पिवळी पानं मी स्वतः मोजली होती.

मार्गदर्शक सरांनी माझ्या तक्त्याकडे पाहिलं आणि एफवर बोटही ठेवलं नाही. त्यांचं बोट त्याच्या वरच्या ओळीवर होतं. "ब्लॉकांमध्ये फरक जवळपास काहीच नाही. मग हे ब्लॉक कशासाठी पाडलेस?" त्यांनी कागदावर शेत काढायला लावलं आणि प्रत्येक चौकोनात उत्पन्न लिहायला सांगितलं. मात्रा लिहायची नाही, नुसतं उत्पन्न. आठव्या-नवव्या आकड्यालाच दिसायला लागलं: चारही ब्लॉकमध्ये पश्चिमेकडचे प्लॉट भारी, पूर्वेकडचे हलके. प्रत्येक ब्लॉक उताराच्या दिशेनेच धावत होता. शिवाय चिठ्ठ्यांचा योगायोग असा, की सगळ्यात मोठी मात्रा चारपैकी तीन ब्लॉकमध्ये वरच्या, हलक्या टोकाला पडली होती.

मी विचारलं, "आता प्रयोग वाया गेला का?" सर म्हणाले, "वाया जायला तो अजून पूर्ण कुठे झालाय? प्रत्येक प्लॉटची माती आण. चिकणमाती काढ."

चिकणमातीच का, हे मला घरी जाताना उमगलं. काढणीनंतर मोजलेला नत्र किंवा स्फुरद कामाचा नाही, कारण त्यावर माझ्या खताचा आणि पिकाचा हात फिरलेला. पण एका हंगामात नत्र टाकून मातीचा पोत बदलत नाही. पेरणीच्या दिवशी जी चिकणमाती होती, तीच आजही असणार. म्हणजे उशिरा मोजूनही ती जमिनीतला मूळ फरक सांगेल.

चोवीस प्लॉट, प्रत्येकाचे दोन नमुने. प्रयोगशाळेत सहाच नळकांडी होती. प्रयोगशाळेचे काका रोज सकाळी कुलूप उघडायचे तेव्हा मी दारात उभी असायचे. ढवळायचं, फेस आला तर अमाइल अल्कोहोलचा एक थेंब, हायड्रोमीटर अलगद सोडायचा, ४० सेकंद. मग दोन तासांची वाट. त्या दोन तासांत मी प्रत्येक नमुना हातात घेऊन मळायचे आणि रीडिंग यायच्या आधी अंदाज लिहायचे. पहिल्या दिवशी सगळे चुकले. आठव्या दिवशी सहापैकी पाच बरोबर आले, आणि काकांनी न बघताच सांगितलेले सहाच्या सहा.

पूर्वेला चिकणमाती ३१ टक्के होती, पश्चिमेला ४७. वर्षानुवर्षं पाण्याबरोबर बारीक कण खाली वाहत गेलेले, आणि त्यांच्यासोबत ओल धरून ठेवायची ताकदही. हा आकडा सहचर म्हणून धरून, म्हणजे उत्पन्नावरचा त्याचा परिणाम बाजूला काढून, सरांनी पुन्हा विश्लेषण करायला लावलं. एरर, म्हणजे कशानेही न उलगडलेला फरक, एका स्वातंत्र्यांशाने कमी झाला, पण त्याचं मूल्य निम्म्याहून खाली आलं. शून्य मात्रा इतरांपासून स्पष्ट वेगळी झाली. वरच्या तीन मात्रा मात्र एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या नाहीत. एका मर्यादेनंतर नत्र वाढवून उत्पन्न वाढत नाही, हे त्यामागचं कारण असेल. किंवा माझी आखणी. प्रबंधात मी दोन्ही शक्यता लिहिल्या, दुसरी जरा लहान परिच्छेदात.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच परिच्छेद काढला. "उतार आखणीआधी कळण्यासारखा नव्हता का?" मी म्हटलं, "होता, सर," आणि परवानगी घेऊन मोबाइल काढला. आखणीच्या आदल्या संध्याकाळी मी शेताचा एक फोटो काढला होता. पूर्वेकडची अर्धी जमीन वाळून फिकी पडलेली, पश्चिमेच्या टोकाला पाणी साचलेलं आणि त्यात ढगांचं प्रतिबिंब. मी तो ढगांसाठी काढला होता.

परीक्षकांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "फोटो चांगला आलाय. बरं, कडेच्या ओळी किती सोडल्या होत्यात?"