आमची वाटचाल : बंधाऱ्याच्या बर्ग्यापासून दुकानाच्या दारापर्यंत

चाळीसगावात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप वडिलांनी सुरू केलं. ट्रॉल्या, गोठ्यांचे शेड, गेट-ग्रिल ही रोजची कामं होती. पण आमचा हात बसला तो कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या बर्ग्यांवर. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत लोखंडी बर्गे एकावर एक बसवायचे, पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाआधी काढून ठेवायचे. बर्गे वाकले, रबर गेलं की ते आमच्याकडे दुरुस्तीला यायचे. वडील सांगायचे, प्लेट कोणीही कापेल, पाणी थांबतं ते रबरावर आणि खाचेत.

३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगराकडे रात्रभर झालेला पाऊस घेऊन तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या गावात आल्या. कन्नड घाटात दरडी कोसळल्या. बाजारपेठेतली दुकानं पाण्यात गेली, आजूबाजूच्या गावांत गुरं वाहून गेली. आमच्या वर्कशॉपमध्ये कमरेइतकं पाणी होतं. मशिनी धुऊन, वाळवून पुन्हा चालू करता आल्या. मावसभावाच्या दुकानातलं कापड मात्र गेलंच. ऐन पोळ्या-गणपतीच्या तोंडावर भरलेला माल होता तो.

त्याने दाराशी वाळूची पोती लावली होती, तरी पाणी आत शिरलं. दोन दिवसांनी मी ती पोती नीट पाहिली. तोंडापर्यंत ठासून भरलेली, सुतळीने आवळलेली, एकावर एक सरळ रचलेली. दोन गोल पोत्यांच्या मधून हात जाईल एवढी फट होती. पोतं अर्धं, फार तर दोन तृतीयांश भरायचं असतं, म्हणजे ते दबून पसरतं आणि फट बुजते. तोंड बांधायचं नाही, अंगाखाली दुमडायचं. विटांसारखा सांधा मोडत रचायचं, पाण्याच्या बाजूने प्लास्टिकचा कागद घालायचा आणि पायाची रुंदी उंचीच्या तिप्पट ठेवायची. हे कळल्यावर फार हळहळ वाटली. पोती होती, माणसं होती, रात्रभर जागरणही झालं होतं.

त्याच आठवड्यात डोक्यात आलं की आपण आयुष्यभर पाणी आत ठेवायला बर्गे बनवले, तोच बर्गा पाणी बाहेर ठेवायला का नाही चालणार? शोधायला लागल्यावर दिसलं की जगात हे काम मोठ्या प्रमाणावर होतं. प्राग शहरात व्हल्टावा नदीच्या काठी जमिनीत कायमचा पाया आणि खांब बसवायच्या जागा तयार असतात. पुराचा इशारा आला की खांब उभे करून त्यांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या फळ्या सरकवतात. २००२ च्या महापुरात या भिंतीने जुनं शहर वाचवलं. जिथे भिंत नव्हती, तो कार्लिनचा भाग बुडाला. पुढे भिंत वाढवली आणि २०१३ च्या पुरात ती उपयोगी पडली. फोटो पाहून वडील म्हणाले, "हा तर आपला बंधाराच आहे."

दुकानाच्या दारात लावायची पहिली फळी आम्ही लोखंडाचीच केली. ती उचलायला दोन गडी लागायचे. रात्री दोन वाजता दुकानदाराला दोन गडी कुठून मिळणार? मग ॲल्युमिनियमच्या पोकळ सेक्शनकडे वळलो. पण पोकळ फळी पाण्यात वर उचलली जाते. म्हणून वरून आवळायचा क्लॅम्प आला. त्याने फळ्या जागेवर राहतात आणि प्रत्येक फळीखालचं ईपीडीएम रबर दाबलं जाऊन सांधा बंद होतो. शेवटी सगळं उंबऱ्यावर येऊन थांबतं. फरशी खडबडीत असेल तर कितीही महाग फळी गळते. म्हणून आम्ही आधी उंबरा काढतो, लेव्हल लावून नवा ओततो आणि मगच फळ्या सरकवायच्या खाचेचे चॅनेल बसवतो.

पहिल्याच ग्राहकाकडे आमची चूक झाली. पुढच्या पावसाळ्यात गटार तुंबून त्यांच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. दारातली फळी थेंबभर गळली नाही, पण मागच्या मोरीतून पाणी वर आलं आणि दुकान आतून भरलं. आमचे जुने वेल्डर आप्पा एवढंच म्हणाले, "पानी आपली वाट सोधी लेस, भाऊ." ग्राहक नको म्हणत असतानाही मी निम्मे पैसे परत केले. तेव्हापासून मोरीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवल्याशिवाय आणि आत झिरपलेलं पाणी उपसायला पंप ठेवल्याशिवाय आम्ही फळी देत नाही. विजेवरचा पंप अशा रात्री कामाचा नाही, हेही सांगतो.

"अजून उंच करा" ही मागणी नेहमी येते. पाण्याचा जोर खोलीच्या वर्गाने वाढतो. एक मीटर रुंदीच्या फळीवर एक मीटर पाण्याचा दाब सुमारे ५०० किलो वजनाइतका असतो, दोन मीटर पाण्याचा २,००० किलो. आठ फुटी शटरपुढे फक्त ६० सेंटिमीटर पाणी असलं तरी साडेचारशे किलोंच्या आसपास भार येतो. फळी तो सोसेल, पण शेजारची जुनी विटांची भिंत? तीच कोसळली तर माणूस दगावेल. साध्या भिंतीच्या घराला आम्ही ६० सेंटिमीटरच्या वर जात नाही. त्यावर पाणी आलं तर ते आत येऊ द्यायचं आणि आपण माडीवर जायचं. यावरून काही ऑर्डरी गेल्या, जाऊ देत.

गावाला अशी भिंत का नाही, असंही लोक विचारतात. तापीकाठच्या गावांना ती जमण्यासारखी आहे. तापीवरच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडणार याची सूचना आधी मिळते, तेवढ्या वेळात फळ्या लावता येतील. आमच्या तितूरचं तसं नाही. डोंगरात पाऊस पडला की काही तासांत पाणी पुलाला लागतं. शिवाय एका काठाला भिंत घातली की पाणी समोरच्या काठावर चढतं आणि समोर बहुधा गरिबांची वस्ती असते. तेव्हा नदीचं पात्र मोकळं करणं आधी, भिंत नंतर, असं माझं ठाम मत आहे.

मे महिना संपायच्या आत आम्ही प्रत्येक ग्राहकाकडे जातो आणि फळ्या त्यांच्याकडूनच लावून घेतो. मोबाइलवर वेळ लावायची, पंधरा मिनिटांत काम झालं पाहिजे. एका मेडिकलवाल्या ताईंना पहिल्या वर्षी चाळीस मिनिटं लागली, कारण फळ्या माळ्यावर खोक्यांखाली होत्या आणि क्लॅम्पची चावी सापडत नव्हती. त्यांच्या सातवीतल्या मुलीने फळ्यांवर लाल ऑइलपेंटने १, २, ३, ४ लिहिलं आणि चावी दोरीने चॅनेललाच बांधली. यंदा त्या मायलेकींनी अकरा मिनिटांत दार बंद केलं. आता आमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फळीवर लाल आकडा असतो आणि चावीला दोरी.