राहू द्या, साहेब

परवा पुन्हा एका कॉलेजातून फोन आला. विषय त्यांनीच ठरवून ठेवलेला: अभिजात अमेरिकन साहित्यातून आजच्या समाजानं काय शिकावं. चाळीस मिनिटं बोलायचं, मग शाल-श्रीफळ. फोन करणाऱ्या प्राध्यापकबाई अदबीनं म्हणाल्या, "फक्त सर, या वेळी बार्टलबी सोडून दुसरं काही घ्याल का? थोरो घ्या, हकलबरी फिन घ्या. तुम्ही दर वेळी त्या कारकुनावरच का येता?"

हे मला वाचनकट्ट्यावर विचारून झालंय, व्याह्यांनी विचारून झालंय, पोटच्या मुलीनं तर हात जोडून विचारलंय. तुम्हीही विचारलंत. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुन्हा विचारू नका.

गोष्ट ठाऊक असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. हर्मन मेलव्हिलनं ती १८५३ साली एका मासिकात छापली, तीही स्वतःचं नाव न घालता. दोनच वर्षांपूर्वी त्याची देवमाशावरची जाडजूड कादंबरी लोकांनी बाजूला सारली होती. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर साठीच्या घरातला एक वकील, श्रीमंतांची गहाणखतं आणि मालमत्तेचे कागद सांभाळणारा. त्याच्याकडे नकला उतरवायला बार्टलबी नावाचा फिकट, नीटनेटका माणूस लागतो. आधी सूर्यप्रकाशात आणि मेणबत्तीच्या उजेडात, रात्रंदिवस लिहितो. तिसऱ्या दिवशी वकील त्याला एक नक्कल ताडून बघायला हाक मारतो, तर तो पडद्याआडून शांतपणे म्हणतो, 'I would prefer not to.' पुढेही दर वेळी नकार याच वाक्यात. भांडण नाही, कारण नाही. पुढे तो लिहिणंही थांबवतो, पण जागा सोडत नाही. राहतोसुद्धा तिथंच. वकिलाच्यानं त्याला हाकलवत नाही, म्हणून शेवटी वकीलच आपलं ऑफिस दुसरीकडे हलवतो. बार्टलबीला लोक तुरुंगात पोचवतात, आणि तिथे तो न जेवता, भिंतीशी मुटकुळं करून मरतो.

आता यातून धडा काढा.

लोक काढतातच. थोरो तळ्याकाठी झोपडीत राहिला म्हणजे साधी राहणी, हक पळालेल्या गुलामाबरोबर तराफ्यावरून गेला म्हणजे मैत्री, कादंबरीतला श्रीमंत गॅट्सबी म्हणजे पैशानं सुख विकत मिळत नाही. अहो, हे कळायला अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? आमच्या आजीला जात्यावर बसल्या बसल्या कळत होतं. बार्टलबीचा तर हल्ली फारच सोयीचा धडा निघालाय: नाही म्हणायला शिका. हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा गोष्ट वाचून खूश होऊन म्हणाला, "मामा, हा तर क्वाएट क्विटिंगचा बाप निघाला!" (नेमून दिलं तेवढंच काम करायचं, वर काही नाही, याला म्हणे हल्ली तसं म्हणतात.) मी म्हटलं, बाबा रे, हा बाप आल्याच्या बिस्किटांवर जगत होता. निजायला ऑफिसातला मोडका सोफा, आणि सगळी शिल्लक एका जुन्या रुमालाच्या गाठीत. तू सहाला लॅपटॉप मिटून जिमला जातोस. तुझं चांगलंच आहे, पण ते हे नव्हे.

एकदा ही गोष्ट मराठीत आणायची हौस आली होती. पहिल्याच नकाराला अडलो. 'मी तसं न करणं पसंत करीन' असं लिहिलं आणि स्वतःच हसलो. असं मराठीत कोण बोलतं? 'माझी इच्छा नाही' म्हटलं तर उर्मट होतं. 'नको वाटतं' म्हटलं तर लाडात आल्यासारखं. आपल्याकडे ऑफिसात नकार होकारानंच देतात. 'हो साहेब, करतो की' म्हणजे होणार नाही, आणि 'बघू' म्हणजे पुन्हा विचारू नका. सरळ, सभ्य, आवाज न चढवता दिलेला नकार आपल्या भाषेत कुठे आहे, म्हणून आठवडाभर वही पुढ्यात घेऊन बसलो. खरं तर नाटक करत होतो. ते वाक्य मी मराठीत आधीच ऐकलेलं होतं, आणि कोणाच्या तोंडून तेही मला पक्कं माहीत होतं.

१९९४ साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बॅंकेच्या शाखेत मॅनेजर होतो. कोणती बॅंक, कोणतं गाव, ते सोडा. सेव्हिंग्जच्या लेजरवर एक क्लार्क होते, माझ्यापेक्षा तीनचार वर्षांनी मोठे. कॉम्प्युटर अजून आमच्यापर्यंत आला नव्हता. दर महिन्याला एकेका खात्याची शिल्लक बॅलन्स बुकात उतरवायची, बेरीज मारायची, ती जनरल लेजरशी जुळवायची. जुळत नसे. मग फरक शोधणं. या कामात त्या गृहस्थांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. बारीक टोक केलेली पेन्सिल आकड्यांच्या रांगेवरून हवेतच खाली नेत, कागदाला न टेकवता, आणि मध्येच थांबून म्हणत, "हा बघा साहेब." फरकाला नवानं भाग गेला की आकडे उलटे पडलेत समजायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. मी मॅनेजर असून मला ते माहीत नव्हतं.

सप्टेंबरच्या सहामाहीला २७ रुपयांचा फरक आला. नवानं भाग जातो, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ. मी बॅलन्स बुक त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते हलकेच माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "राहू द्या, साहेब."

मला वाटलं, आजचं राहू द्या. दुसऱ्या दिवशीही तेच. चहाला नको म्हणताना किंवा रिक्षावाल्याला वरचे दोन रुपये परत नको म्हणताना आपण ज्या आवाजात म्हणतो, त्याच आवाजात. दिवाळीनंतर पोस्टिंग, म्हणजे लेजरमधल्या रोजच्या नोंदी, तेही राहिलं. ते दहाला येत, मस्टरवर सही करत, टेबलाशी बसत. समोर पासबुकं घेतलेली रांग. शेजारचा पोरगा दोघांचं काम ओढू लागला आणि ओढता ओढता माझ्या नावानं बोटं मोडू लागला. शिपायानं एकदा केबिनमध्ये येऊन हळूच सांगितलं, "साहेब, ते डबा आणतात पण उघडत नाहीत. संध्याकाळी स्टॅंडवरच्या कुत्र्याला घालतात."

आजची मुलं लगेच म्हणतील, डिप्रेशन. असेल. आमच्या शाखेच्या शब्दकोशात तेव्हा 'कामचोर' आणि 'डोकं फिरलंय' एवढे दोनच शब्द होते, आणि मी त्यातला एकही वापरला नाही, याचा मला अभिमान होता. मी मेमो दिला नाही. युनियनचा माणूस स्वतः येऊन म्हणाला, "साहेब, एक मेमो द्या हो. तुम्ही दिल्याशिवाय आम्ही भांडायचं कशाशी?" तरी दिला नाही. रजा घ्या म्हणालो. डॉक्टरकडे जा म्हणालो. बाजूला बसवून काय झालंय म्हणून विचारलं. उत्तर एकच.

मेलव्हिलचा वकील एके ठिकाणी उघडच कबूल करतो की या माणसाला सांभाळून घेतलं तर फारसा खर्च न होता स्वतःबद्दल गोड समाधान पदरात पडतं. निवृत्तीनंतर मुलीचं एम.ए.चं पुस्तक घेऊन मी देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला निघालो होतो. परभणी सुटल्यावर ते वाक्य आलं, आणि मी पुस्तक बर्थवर पालथं घातलं. मनमाडपर्यंत उघडलं नाही.

बायकोला घरी सगळं सांगत असे. ती म्हणाली, "एकदा जेवायला आणा की त्यांना." सोपी गोष्ट होती. घर बॅंकेच्या वरच्याच मजल्यावर. मी आणलं नाही. मॅनेजरनं एका क्लार्कला वेगळी वागणूक दिली तर बाकीचे काय म्हणतील, असं तिला सांगितलं. खरं कारण सांगायला इतकी वर्षं गेली. जिना चढून ते वर आले असते तर ते माझे झाले असते. खाली होते तोवर बॅंकेचे होते.

कट्ट्यावर लोक वकिलाला नावं ठेवतात. पळपुटा, दांभिक, पैसेवाल्यांचा माणूस. असेल. अॅस्टरसारख्या कोट्यधीशाचं नाव घेताना त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे खरंच आहे. पण ऑफिस हलवल्यावरही तो एकदा परत जातो, जिन्यात बसलेल्या बार्टलबीला दुसऱ्या चार नोकऱ्या सुचवतो, आणि शेवटी म्हणतो, चल, आत्ताच्या आत्ता माझ्या घरी चल. बार्टलबी नको म्हणतो, ते वेगळं. वकिलानं विचारलं तरी. त्याला हसणाऱ्यांनी माझ्याकडेही एकदा बघावं.

मी बदली मागितली. अर्जात आईच्या तब्येतीचं कारण दिलं. ते खोटं नव्हतं, आईला खरोखरच दम्याचा त्रास होता. पण तिला तो दहा वर्षं होता आणि अर्ज मी त्या वर्षी केला. मे महिन्यात रिलीव्ह झालो. तिसऱ्या आठवड्यात नव्या मॅनेजरचा फोन आला: "तुमच्या त्या माणसाचं काय करू?" मी म्हणालो, "माझा कुठला? बॅंकेचा आहे." गोष्टीतल्या वकिलालाही नवा भाडेकरू असंच विचारत येतो, आणि तोही हात झटकून जवळजवळ असंच बोलतो. मी तेव्हा गोष्ट वाचलेली नव्हती. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. असे प्रसंग आले की सगळे असेच बोलतात, एवढाच असेल, किंवा तेवढाही नसेल.

नव्या मॅनेजरनं जे करायचं ते केलं. मेमो, चार्जशीट. मग ते यायचे बंद झाले. गावच्या पत्त्यावर पाठवलेली पाकिटं न फोडता परत आली, आणि नोकरी आपणहून सोडली असं धरून फाइल मिटली. पुढे काय झालं ते मी शोधलं नाही. शोधता आलं असतं.

पहिल्यांदा कट्ट्यावर बोललो तेव्हा हे काही सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणालो होतो, "माणसाकडे माणूस म्हणून पाहावं, हेच बार्टलबी आपल्याला शिकवतो." टाळ्या पडल्या. घरी येताना स्वतःची इतकी लाज वाटली की स्कूटर चौकातून दोनदा फिरवून आणली. पाहिलं होतं ना मी माणूस म्हणून! चांगला आठ महिने पाहत बसलो होतो. पाहण्यानं त्या डब्यातला एक घासही त्यांच्या पोटात गेला नाही.

दुसऱ्यांदा बोललो तेव्हा खरी हकिकत सांगितली आणि वकिलाची बाजू घेतली. काय करायला हवं होतं त्यानं? काय करायला हवं होतं मी? सांगा ना कुणीतरी. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "काका, गोष्ट वकील सांगतो म्हणून तुम्हाला त्याची बाजू पटते. कारकुनानं सांगितली असती तर?" मी फटकन म्हणालो, कारकून काही सांगत नाही म्हणूनच तर गोष्ट आहे. लोक हसले, ती बसली. माझं उत्तर बरोबर होतं असं मला आजही वाटतं. बसवायला मात्र नको होती तिला. मेलव्हिल स्वतः पुढे, १८६६ पासून, न्यूयॉर्कच्या कस्टम्समध्ये रोजी चार डॉलरवर एकोणीस वर्षं इन्स्पेक्टरची नोकरी करत होता. गोष्ट लिहिली तेव्हा तो असा पगारी नोकर नव्हता, नंतर झाला. तिथे लागल्यावर त्यानं ती वेगळी सांगितली असती का, हे त्या मुलीला विचारायला हवं होतं.

आणि तो अडलेला शब्द. 'राहू द्या' चपखल बसतं असं आधी वाटलं, वहीत लिहूनही टाकलं. मग खोडलं. बार्टलबीच्या वाक्यात समोरच्याकडे काही मागणं नाही. 'राहू द्या'त आहे. काहीतरी असू द्या, मला असू द्या, असं काहीसं. आमचे गृहस्थ दर वेळी माझ्याकडे काही मागत होते की फक्त बोलायची रीत म्हणून तसं म्हणत होते? भाषांतर तिथेच पडलंय.

निघायच्या दिवशी हार-तुरे झाल्यावर मी त्यांच्या टेबलाशी गेलो. "येतो मी. जपा." त्यांनी मान वर केली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपणहून विचारलं, "फरक सापडला का, साहेब?"

"नाही हो. चार्ज देताना तसाच दाखवलाय. सत्तावीस रुपये."

"राहू द्या," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी एका मीटिंगला नवा मॅनेजर भेटला. जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन सहज म्हणाला, तुमचा तो फरक निघाला बरं का. लेजरला १,४६३ होते, बॅलन्स बुकात १,४३६ उतरले होते. शोधावंच लागलं नाही, त्या आकड्याच्या बाजूला पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. कधीचा ठिपका, मी विचारलं. तो म्हणाला, "ठिपक्यावर काय तारीख असते होय?" आणि वरणासाठी वाटी पुढे केली.